पापणीवरचं अंडं

उन्हाळा असा होता, की हॅचरीच्या पत्र्यावर उतरलेला कावळा एका जागी दोन्ही पाय टेकवत नव्हता. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास टेम्पोतून मोठा कुलर उतरला, तेव्हा हातातलं काम टाकून बाया जाळीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. अकरा उन्हाळे मागून जे आलं नव्हतं, ते आज न मागता आलं होतं. पिल्लं मोजून खोक्यांत भरणारी बाई, जिला सगळे मोजणीवाली म्हणत, ती म्हणाली, "चला, आता स्वेटर विणायला घ्या."

कुलर त्यांच्यासाठी नव्हता. गुरुवारी मोठ्या ऑफिसातून मॅडम येणार होत्या, आणि सेटरच्या खोलीत त्या पाच मिनिटं थांबणार होत्या. अंडी अठरा दिवस उबवणाऱ्या कपाटांना सेटर म्हणत. भिंतीला लागून अशी चार कपाटं उभी होती, प्रत्येक माणसाहून उंच. ऑफिसानं कागदावर खोलीचा नकाशा पाठवला होता. मॅडम कुठे उभ्या राहतील तिथे गोल, फोटो काढणारा कुठे तिथे फुली, कुलर कुठे तिथे चौकोन. सुपरवायझरनं टेप लावून मापं घेतली आणि चौथ्या सेटरसमोर खडूनं गोल काढला. कुलर चालू झाला तेव्हा गार झोत बरोबर त्या गोलावर आला, आणि गोल ओलांडून चौथ्या सेटरच्या माथ्यावर, जिथून कपाटात बाहेरची हवा शिरते त्या जाळीवर, जाऊन आदळला.

हे सेटर सांभाळणाऱ्या बाईनं पाहिलं, पण तेव्हा तिच्या मनात काही आलं नाही. खोली गार झाली याचंच बरं वाटलं.

तिला हॅचरीत सगळे पापणी म्हणत. नव्या माणसांना वाटे की पापण्यांत काही खोड असेल. तसं नव्हतं. थोरले मालक जिवंत होते तेव्हा ते आठवड्यातून दोनदा स्वतः सेटर उघडत, मधल्या ट्रेमधलं एक अंडं काढत, चष्मा कपाळावर सरकवत आणि मिटलेल्या डोळ्यावर अंडं ठेवत. त्यांनी तिला पहिल्याच वर्षी ते शिकवलं. थर्मामीटर होते, दमटपणा मोजायचे ओल्या फडक्याचेही होते, पण त्यांचा त्यावर पुरता भरवसा नसे. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ, म्हणायचे. ऊब नेमकी असली की अंडं ठेवलंय हे डोळ्याला कळतच नाही. डोळ्याला अंडं कळलं, की काहीतरी चुकलं. त्यात पंधराव्या दिवसापासून आतलं पिल्लू स्वतःच ऊब द्यायला लागतं, तेवढी हिशेबातून सोडून द्यायची. हे सोडणं शिकायला तिला तीन वर्षं लागली. आता ती अर्ध्या अंशापर्यंत सांगत असे, आणि तिची चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पगाराच्या तक्त्यात तीन रकाने होते: कुशल, अर्धकुशल, अकुशल. तिचं नाव अकरा वर्षं तिसऱ्यात होतं.

तिनं तीनदा अर्ज दिला होता. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की उबवणीचं काम यंत्र करतं, कर्मचाऱ्यानं फक्त लक्ष ठेवायचं असतं. तिसरा या वर्षीचा. तो सुपरवायझरनं स्वतः वर पाठवला होता आणि खाली दोन ओळी आपल्या हातानं लिहिल्या होत्या. गुरुवारी मॅडम नवा तक्ता वाचून दाखवणार होत्या, आणि त्यात दुसरा रकाना ओलांडून पहिल्यात तिचं नाव होतं. सुपरवायझरनं तिला तो कागद दुरून दाखवला होता.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. ऑफिसचा फोन आला की तो खुर्चीतून उठून उभा राही आणि बोलणं संपेपर्यंत हो सर, हो सर करत राही, म्हणून बायांनी त्याचं नाव होसर ठेवलं होतं. हल्ली फोनवर बाई असली तरी त्याच्या तोंडून सर निघून जाई.

तिचा नवरा त्याच हॅचरीत धुलाईला होता. पिल्लं निघून गेल्यावरचे ट्रे, कवचाचे तुकडे, वाळलेली विष्ठा, न फुटलेली कुजकी अंडी, हे सगळं गरम पाण्याच्या झोतानं काढायचं आणि मग बंद खोलीत फॉर्मलिनची धुरी द्यायची. धुरीनंतर दार उघडायला अर्धा तास थांबावं असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. ट्रे कमी होते, त्यामुळे तो दहा मिनिटांत उघडत असे. चार वर्षांत त्याचे डोळे लाल राहू लागले. गेल्या हिवाळ्यापासून खोकला आला, तो गेला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, छातीला नळी लावली, आणि औषध लिहिण्याआधी विचारलं होतं की ते काम सोडणार की नाही.

घरी एक पोतं खुंटीला टांगलेलं होतं. त्यात पाने, टायर काढायच्या पट्ट्या, एक पंप, रबराचे तुकडे. हॅचरीत लागण्याआधी तो सायकली दुरुस्त करत असे. तिचा पगार कुशलचा झाला, की त्यानं धुलाई सोडायची आणि रस्त्याच्या तोंडाशी पोतं उघडून बसायचं, असं दोघांचं ठरलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. पण गेले काही दिवस संध्याकाळी तो पोतं उतरवून पान्यांना तेल लावत असे. सासूबाई म्हणत, "लग्नाला निघाल्यासारखा काय नटवतोयस त्यांना." आणि तो हसता हसता खोकत असे, मग सासूबाई पाणी आणायला उठत.

सोमवारी सकाळी सहाला ती कामावर आली. चौथ्या सेटरमधल्या अंड्यांना चौदावा दिवस लागला होता. रोजच्या सवयीनं तिनं दार उघडलं, मधल्या गाड्यातलं, खालून सहाव्या ट्रेमधलं एक अंडं काढलं आणि डाव्या डोळ्यावर ठेवलं.

डोळ्याला अंडं कळलं.

तिनं उजव्या डोळ्यावर ठेवलं. मग दुसरं काढलं, खालच्या ट्रेमधलं. मग तिसऱ्या सेटरमधलं एक आणलं. ते ठीक होतं, ठेवल्या ठेवल्या नाहीसं झालं. पुन्हा चौथ्यातलं. दोन अंश, तिनं मनाशी म्हटलं. दोनाहून थोडं जास्तच. बाहेरच्या पाटीवर मात्र लाल आकड्यांत साडेनव्याण्णव फॅरनहाइट होतं, हवं तेवढं.

तिनं एक अंडं अंधाऱ्या खोलीत नेऊन दिव्यावर धरलं, मग वाटीच्या कडेवर फोडलं. चौदा दिवसांच्या पिल्लाच्या अंगावर जेवढी लव असते त्याहून ती दाट होती, आणि डोकं वळू लागलं होतं तेही अंड्याच्या रुंद टोकाकडे जरा जास्तच. दिवसभरानं तरी पुढे गेलेलं. वाटी तिनं झाकून ठेवली.

मग ती चौथ्या सेटरसमोर येऊन खडूच्या गोलात उभी राहिली. कुलरचा झोत तिच्या मानेवर आला. ती वर पाहत राहिली. गेल्या वर्षी ऑफिसच्या माणसानं नव्या पाट्या बसवल्या, तेव्हा आतल्या उष्णतेचा अंदाज घेणारा डोळा त्यानं अंड्यांमधून काढून वर जाळीजवळ लावला होता, वायर कमी पडते म्हणून. आता कुलरची गार हवा जाळीतून थेट त्या डोळ्यावर पडत होती. डोळा म्हणत होता, गार आहे. कपाट म्हणत होतं, बरं, तापवतो. आणि डोळ्याला गार हवा लागतच होती.

तिनं होसरला बोलावलं. त्यानं पाटी दाखवली. तिनं वाटी दाखवली. त्यानं वाटीत पाहिलं आणि पुन्हा पाटीकडे पाहिलं. जुने थर्मामीटर ऑफिसानं गोळा करून नेले होते, सगळ्यांनी एकाच आकड्यावर विश्वास ठेवावा म्हणून. तेव्हा त्यानं फोन लावला आणि उभा राहिला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, की इथे पडद्यावर चौथा सेटर सगळ्यांत स्थिर दिसतोय, शनिवारपासून तर रेघ सरळ आहे, मॅडमना दाखवायला हाच घ्या.

"हो सर," तो म्हणाला.

कुलर दोन हात बाजूला सरकवला तरी भागेल, असं तिनं सांगून पाहिलं. त्यानं नकाशा काढला. चौकोन जिथे होता तिथे होता. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "ताई, तीन दिवसांचा प्रश्न आहे. तुमचं नाव कागदावर आहे. गुरुवार जाऊ द्या. शुक्रवारी मी स्वतः कुलर उचलून ठेवतो."

तीन दिवस म्हणजे किती हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

दुपारी दोनला सुट्टी झाली तरी नवरा आला नाही. मॅडम येणार म्हणून प्रत्येक खोलीला जादा धुरी द्यायची होती. ती धुलाईच्या दाराशी त्याची वाट बघत बसली. तो आला तेव्हा दोन्ही डोळे मिटून, भिंतीला हात लावत आला. रुमाल भिजवून तिनं त्याच्या डोळ्यांवर धरला. पाणी टाकीचं होतं, उन्हात तापलेलं.

"गार नाही गं हे," तो म्हणाला.

घरी जाताना सायकल तिनं ढकलली. वाटेत तिनं त्याला कपाटाचं सांगितलं. सोळा हजार अंडी होती. मग त्यानं विचारलं, की तिनं हे होसरला सांगितलंय ना. सांगितलंय, ती म्हणाली. मग आपलं काम झालं, असं तो म्हणाला, पण ते विचारल्यासारखं म्हणाला. संध्याकाळी त्यानं पोतं उतरवलं नाही.

मंगळवारी पंधरावा दिवस. आता अंडी स्वतःही तापणार होती. पहिल्या तासाभरात तिनं चौथा सेटर दोनदा उघडला, आणि दुसऱ्यांदा अंडं डोळ्यावर तीन श्वासांहून जास्त ठेववेना. मोजणीवाली ट्रे घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "नको त्यात पडूस. आपल्याला डोळे दिलेत ते झाकायला."

कोपऱ्यात खोक्यांचे पुठ्ठे रचलेले होते. तिनं एक घेतला, स्टुलावर चढली, आणि वरच्या जाळीसमोर, कुलरच्या झोताच्या आड, उभा चिकटवला. चिकटपट्टी दोनदा लावली. जाळीतून खोलीची साधी हवा आत जाईल एवढी फट खाली ठेवली. उतरून तिनं पाटीकडे नीट पाहिलं. आकडा चढत होता. शंभर. एकशे एक. एकशे एक पॉइंट सहा. खरं बोलायला लागल्यासारखी पाटी चढत गेली, आणि एकशे दोनला तिच्यावरचा दिवा लागला आणि भोंगा वाजला. आतली तापवणारी तार विझल्याचा टक आवाज तिला ऐकू आला. तिला हवं होतं ते एवढंच. आता तासाभरात कपाट ठिकाणावर आलं असतं.

तासभर मिळाला नाही. चार मिनिटांत फोन आला. ऑफिसातल्या पडद्यावर सरळ रेघेला शिंग फुटलं होतं. कुणी हात लावला, असं विचारत होते. होसर पुठ्ठ्याकडे पाहत, उभा राहून ऐकत होता. तिनं त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, "माझं नाव सांगा."

त्यानं क्षणभर फोनवर हात ठेवला. मग हात काढला आणि तिचं नाव सांगितलं. कारण म्हणून त्यानं पापणीचंही सांगितलं असावं, कारण पलीकडे कुणीतरी हसलेलं तिला ऐकू आलं. पुठ्ठा काढायचा हुकूम आला. तो त्यानं स्वतः काढला, तिला काढायला लावलं नाही. पाच मिनिटांत आकडा पुन्हा साडेनव्याण्णववर आला, दिवा विझला, आणि पलीकडून शाबास म्हणाले. आत तार पेटल्याचा टक आवाज झाला.

गुरुवारी सगळ्यांना पांढरे टी-शर्ट मिळाले. त्यावर पिल्लाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, आपलं घर. मापं एकाच आकाराची होती. मोजणीवालीचा पोटावर ताणला गेला आणि पिल्लू कोंबडीएवढं दिसू लागलं. नवऱ्याला काळा चष्मा घालायला लावलं होतं. लाल डोळे फोटोत बरे दिसणार नाहीत, असं होसर म्हणाला आणि स्वतःचा, उन्हात काळा होणारा नंबराचा चष्मा त्यानं काढून दिला.

मॅडम वेळेवर आल्या. थोरल्या मालकांची मुलगी. बाहेर शिकून दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुर्चीवर बसलेली. त्या हसतमुख होत्या आणि सगळ्यांशी तुम्ही-आम्ही करून बोलत होत्या. सेटरच्या खोलीत आल्यावर त्या न सांगता बरोबर खडूच्या गोलात थांबल्या, कारण गार झोत तिथेच होता. त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"किती छान गार आहे इथे," त्या म्हणाल्या. "बाहेर लोक उन्हात शेतात राबतायत. तुम्हाला अशा जागी काम करायला मिळतं."

होसर म्हणाला, "हो सर."

आवारात मंडप घातला होता. मॅडम बराच वेळ बोलल्या. कंपनी म्हणजे पगाराचं पाकीट नव्हे, असं त्या म्हणाल्या. माणूस कामावर येतो तो आपलेपणासाठी. माझ्याशी मोकळेपणानं बोला, माझं दार उघडं आहे. ते दार दोनशे मैलांवर होतं आणि कुणी पाहिलेलं नव्हतं. नवरा मागच्या रांगेत उभा होता. धुलाईच्या माणसांना खुर्च्या पुरल्या नव्हत्या. मधून मधून त्याचा खोकला ऐकू येई, आणि दाबलेला ऐकू येई तो जास्त वाईट होता.

मग मॅडमना वडिलांची आठवण आली. बाबा एका बाईबद्दल सांगायचे, त्या म्हणाल्या, डोळ्याला अंडं लावून ऊब सांगणारी, ती अजून आहे का? सगळ्या माना वळल्या. तिला पुढे बोलावलं. फोटो काढणारा उत्साहात आला; त्यानं एक अंडं आणायला सांगितलं. होसर चौथ्या सेटरमधलं घेऊन आला, कारण नकाशात दाखवायचा सेटर तोच होता.

"मला शिकवा," मॅडम म्हणाल्या.

तिनं अंडं हातात घेतलं आणि कसं धरायचं ते दाखवलं. मॅडमनी डोळा मिटला. पापणीवर निळसर रंग लावलेला होता. अंडं त्यांनी तिथे ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, किती ऊबदार!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. तिनं टाळ्या थांबायची वाट पाहिली.

"मॅडम, हे जास्त गरम आहे," ती म्हणाली. "अंडं डोळ्याला कळायला नको. चार दिवसांनी पिल्लं निघायची, ती आधीच निघतील आणि बेंबी मिटलेली नसेल. मरतील. कुलर हलवायला पाहिजे."

मॅडमनी डोळा उघडला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की हे बघा, याला म्हणतात जीव लावणं, आपल्या लेकरांसारखी काळजी. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं, की मघाचा हललाय, पुन्हा एकदा डोळा मिटा. मॅडमनी मिटला. तिलाही जवळ उभं राहायला सांगितलं, मग जरा बाजूला, मग आणखी जरा.

तक्ता त्यानंतर वाचला. कुशलमध्ये दोन नावं होती, दोन्ही ऑफिसातून आलेल्या मुलांची, पडद्यावर लक्ष ठेवणारी. अर्धकुशलमध्ये टेम्पो चालवणारा. तिसरा रकाना वाचला नाही. वेळ झाला होता. ती होसरकडे पाहत होती. तो स्टेजच्या कडेला उभा होता आणि चष्मा दिलेला असल्यामुळे डोळे बारीक करून कुठेतरी लांब पाहत होता. शेवटी सगळ्यांना पाण्याची एकेक बाटली दिली. झाकण घट्ट होतं; मोजणीवालीनं दात लावून उघडलं आणि आत पाहून म्हणाली, "रिकामीच आहे गं."

शुक्रवारी अठरा दिवस भरले आणि अंडी पिल्लं फुटायच्या कपाटात हलवली. पिल्लं सोमवारी निघायची होती. ती रविवारी पहाटे निघाली.

ती सहाला पोचली तेव्हा ट्रे भरलेले होते. पिल्लं लहान होती, पिसं चिकटलेली, पाय वाकडे पडलेले. तिनं एक उलटं करून पोटावर बोट ठेवलं. बेंबीच्या जागी काळा ओला बटणाएवढा डाग होता, आणि त्यातून आतलं पिवळं हाताला लागलं. दुसऱ्याचंही तसंच. मोजणीवाली रिकामी खोकी मांडून बसली होती आणि मोजायला सुरुवात करत नव्हती. आवाज नेहमीपेक्षा कमी होता. एरवी खोलीत बोललेलं ऐकू येत नसे.

दुपारपर्यंत नवऱ्याला आत बोलावलं, कारण टाकून द्यायचे ट्रे उचलायला माणसं कमी पडत होती. दोघांनी एकेक कड धरून ट्रे बाहेर नेले. काही पिल्लं अजून चोच उघडत होती. शेवटच्या फेरीला त्यानं तोंड फिरवून खोकून घेतलं आणि पुन्हा कड धरली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानंही तिच्याकडे पाहिलं नाही.

ऑफिसातून आठवड्यानं अहवाल आला. चौथ्या सेटरची नोंद मंगळवारची वीस मिनिटं सोडून शेवटपर्यंत निर्दोष होती. त्या वीस मिनिटांत अकुशल कर्मचाऱ्यानं केलेल्या ढवळाढवळीमुळे नुकसान झालं, असं त्यात लिहिलं होतं. होसरनं तो फळ्यावर लावला, पण दुसऱ्या कागदाखाली लावला, अर्धा झाकून. कुलर तिथेच राहिला. तो हलवण्याचा कागद आला नव्हता.

चौथ्या सेटरमध्ये नवी अंडी गेली. ती रोज दार उघडी, ट्रे फिरतायत का बघे आणि दार लावी. डोळ्याला अंडं लावणं तिनं बंद केलं. हे कुणाला सांगितलं नाही, पण दोन दिवसांत सगळ्यांना कळलं.

बाराव्या दिवशी लांब पुठ्ठ्याची नळी आली. आत मॅडमचा फोटो होता, दाराएवढा मोठा. मिटलेला डोळा, त्यावर अंडं, चेहऱ्यावर हसू. कडेला एका बाईचा कोपर दिसत होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कौशल्य आमच्या रक्तात आहे. तो सेटरच्या खोलीत लावायचा होता. खिळे ठोकायला नवऱ्याला बोलावलं. स्टुलावर चढून तो ठोकू लागला. डोळ्यांतून पाणी गळत होतं; त्याला खिळ्याचं टोक दिसत नव्हतं. दोनदा हातोडी बोटावर बसली. होसर खालून डावीकडे, उजवीकडे सांगत राहिला, आणि फोटो शेवटी जरा तिरका लागला.

नवरा गेल्यावर होसर अंधाऱ्या खोलीत तिच्याकडे आला. ती दिव्यावर ट्रे तपासत होती. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेलं अंडं होतं. चौथ्यातलं, त्यानं सांगितलं. त्यानं ते पुढे केलं.

"एकदा बघा ना, ताई. मला नुसतं सांगा. मी बघतो पुढे काय करायचं."

तिनं अंडं घेतलं. हातात घेताच तिला कळलं होतं.

"पाटीवर किती आहे?" तिनं विचारलं.

"साडेनव्याण्णव."

"मग तेवढंच असेल."

अंडं तिनं परत त्याच्या हातात दिलं. तो तिथेच उभा राहिला. मग त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, डोळा मिटला आणि अंडं पापणीवर धरलं. खालून दिव्याचा उजेड त्याच्या हनुवटीवर पडला होता.

"काय वाटतंय?" ती म्हणाली.

"गरम."

"किती?"

त्याला सांगता येईना. तिनं पुढचा ट्रे दिव्यावर सरकवला. "रोज लावा," ती म्हणाली. "येईल तीन वर्षांत."

दोन वाजता ती थंड खोलीत गेली. शेतांवरून आलेली अंडी सेटरमध्ये जाण्याआधी तिथे ठेवत, पासष्ट अंशांवर. अकरा वर्षांत तिनं तिथून तडा गेलेलं अंडंही घरी नेलं नव्हतं. तिनं दोन अंडी उचलली, चांगली, मोठी, आणि ओंजळीत धरून धुलाईच्या खोलीकडे गेली. वाटेत तिला होसर दिसला. त्यानं अंड्यांकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

नवरा धुरीच्या खोलीबाहेर पायरीवर बसला होता. हातांत रबरी मोजे तसेच होते. दहा मिनिटं झाली होती आणि आता त्याला दार उघडायचं होतं.

"मोजे काढा," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं, म्हणजे आवाजाकडे तोंड केलं. ट्रे आत आहेत, असं त्यानं सांगितलं.

"असू देत. उद्यापासून तुम्ही यायचं नाही. मी एकटी येईन."

"नाव नाही लागलं ना तुझं."

"नाही लागलं."

एवढ्यात कसं भागणार, हे त्यानं विचारलं नाही. सासूबाईंच्या औषधाचंही विचारलं नाही. मोजे ओले होते, बोटांना चिकटले होते. तिनं एकेक बोट ओढून ते काढले आणि पायरीवर ठेवले. आतले हात पांढरे, सुरकुतलेले होते. मग तिनं त्याचं डोकं भिंतीला टेकवलं आणि दोन्ही पापण्यांवर एकेक अंडं ठेवलं. तिनंच धरून ठेवलं.

त्याचा श्वास आधी अडखळला, मग हळूहळू लांब झाला. आवारात ऊन होतं. पत्रा तडतडत होता. धुरीच्या खोलीचं दार बंद होतं आणि ते आज अर्ध्या तासानं दुसऱ्या कुणीतरी उघडायचं होतं.

"कळतंय का डोळ्याला?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "गार आहे."